आटलेला तलाव आणि जलपर्णीचे बी



पर्जन्यछायेच्या मुलखात पाण्यावर व्याख्यान ठेवले की ते पाणी नसण्यावर असणार, असे श्रोते गृहीतच धरतात. ते चूक नाही. आपल्या पाथर्डी तालुक्याची उन्हाळ्यातली चिंता घोटभर पाण्याची असते आणि तिसगावची तहान भागवायला राहुरीजवळच्या मुळा धरणातून नळयोजनेने पाणी आणावे लागते. आज मला बोलायचे आहे ते पाणी आल्यानंतर त्याचे काय होते यावर, आणि तेही एका अगदी लहान वस्तूच्या आधाराने. ती वस्तू म्हणजे जलपर्णीचे बी. पुण्याच्या मुळा-मुठेपासून इंद्रायणी, पवना, भीमा, पंचगंगेपर्यंत आणि उजनीच्या फुगवट्यात जलपर्णी दरवर्षी दिसते, दरवर्षी काढली जाते आणि दरवर्षी परत येते. आपल्याकडच्या तलावांविषयी मात्र एक दिलासा सगळेच देतात: आमचा तलाव उन्हाळ्यात आटतो, त्यामुळे इथे ती टिकणार नाही. या दिलाशावर विसंबू नये, हे आज मला पुराव्यानिशी मांडायचे आहे. तलाव आटला की जलपर्णीची झाडे मरतात हे खरे आहे. पण गाळात पडलेल्या तिच्या बियांना जाग येते ती तलाव आटून पुन्हा भरल्यामुळेच. म्हणून आटणाऱ्या तलावांच्या मुलखाने या वनस्पतीकडे बारमाही नदीकाठच्या शहरांपेक्षा वेगळ्या नजरेने पाहायला हवे.

आधी बी तयार कसे होते ते पाहू, कारण आपण फूल पाहतो आणि पुढचे पाहत नाही. जलपर्णीचे फूल सुंदर आहे यात शंका नाही. फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, सर्वांत वरच्या पाकळीवर गडद निळसर डाग आणि त्याच्या मधोमध पिवळा ठिपका. याच रूपामुळे अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात बागांच्या हौसेतून जगभर गेली. फूल जेमतेम एक दिवस टवटवीत राहते. ते मिटले की आतापर्यंत ताठ उभा असलेला फुलांचा दांडा एक-दोन दिवसांत वाकतो आणि कोमेजलेला सगळा तुरा खाली पाण्याकडे नेतो. तिथे, पानांच्या आड, पातळ सालीचे बोंड साधारण तीन आठवड्यांत पिकते, तडकते आणि बी पाण्यात सुटते. ते तरंगत राहत नाही, तळाशी जाते. बी लांबीला एक ते दीड मिलिमीटर, तपकिरी, अंगावर उभे बारीक कंगोरे असलेले. चिमूटभर गाळ तळहातावर घेऊन पाण्याने हलके धुतला, तर वाळूच्या कणांत ते ओळखायलासुद्धा भिंग लागते. एका बोंडात कधी मोजक्याच बिया भरतात, कधी चारशेहून अधिक. आणि गाळात पडलेले बी पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते, असे अभ्यास सांगतात. म्हणजे आज एखाद्या तलावात जलपर्णी फुलली, तर तिचे देणे पुढची पिढी फेडत बसेल इतकी ही मुदत लांब आहे.

आता हे बी पडल्या पडल्या का उगवत नाही? ते वाट कशाची पाहते? इथेच पर्यावरणाचा प्रश्न येतो. पहिली अट उजेडाची. गर्द अंधारात बहुतेक बी निपचित पडून राहते. दुसरी अट उबेची. साधारण २८ ते ३६ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात उगवण चांगली होते आणि थंड पाण्यात ती जवळजवळ थांबते. ऊब एकसारखी असण्यापेक्षा दिवसा चढणारी आणि रात्री उतरणारी असली तर ती बीजाला अधिक मानवते. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खोल पाण्याच्या तळाशी दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. हा फरक जाणवतो तो उथळ पाण्यात किंवा उघड्या चिखलात. बीजाच्या दृष्टीने उजेड आणि तापमानाचा चढउतार ही दोन्ही एकच बातमी देतात: वर पाणी फार नाही आणि डोक्यावर दुसऱ्या झाडांचे छप्परही नाही. तिसरी गोष्ट प्राणवायूची. जलपर्णीच्या दाट थराखाली पाण्यातला प्राणवायू घटतो, कुजकट काळा गाळ साचतो आणि तिथे बी पडून राहिले तरी सहसा रुजत नाही. चौथी गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे वाळणे आणि पुन्हा भिजणे. बीजाचे कवच कठीण असते. ते सुकले, तापले, पुन्हा भिजले की सैल पडते, पाणी आणि हवा आत शिरते आणि सुप्तावस्था मोडते. श्वेत नाईल नदीत जलपर्णी १९५८ साली आढळली आणि पुढे सुदानमधल्या संशोधकांनी तिच्या बियांवर प्रयोग केले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच बियांची सुप्तावस्था कशाने मोडते हा होता. नाईलचा काठ म्हणजे तापलेला, कोरडा पडणारा, पुन्हा पुराखाली जाणारा काठ. त्यांना हा प्रश्न पडावा हे स्वाभाविक होते, आणि तो आपल्याला अजून पडू नये याचे मला आश्चर्य वाटते.

बीजाच्या या अटी कुठून आल्या, हे पाहिले तर शंका आणखी कमी होते. अॅमेझॉन ही संथ, बारमाही, काठोकाठ भरलेली नदी आहे असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. प्रत्यक्षात मध्य अॅमेझॉनमध्ये, मनाउस शहरापाशी, नदीची पातळी वर्षभरात सरासरी दहा मीटरच्या आसपास चढते आणि उतरते. पूर आला की पूरमैदाने मैलोन् मैल पाण्याखाली जातात आणि पूर ओसरला की तीच मैदाने चिखलाची होतात, भेगाळतात, गवताने भरतात. तरंगणारी झाडे या ओहोटीत चिखलावर अडकून मरतात. अशा नदीत ज्या वनस्पतीने केवळ फुटव्यांवर भिस्त ठेवली असती, तिचा निभाव लागणे कठीण होते. बी हा तिने उन्हाळ्यासाठी राखलेला साठा आहे. आपला पाझर तलाव भाद्रपदात भरतो, होळीपर्यंत निम्मा होतो, वैशाखात तळ दाखवतो. आकाराने तो अॅमेझॉनपुढे काहीच नाही, पण चढउताराचा जो क्रम त्या बीजाने लाखो वर्षांत अंगी बाणवला, तोच क्रम आपण त्याला इथे पुरवतो. जलपर्णीला कोरडा उन्हाळा परका नाही.

आपल्या भागातली माती आणि आपले ऋतू यांची यात भर पडते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर नगर जिल्ह्यात ठिकठिकाणी पाझर तलावांचे भराव उभे राहिले. या तलावांच्या तळाला आज पन्नास वर्षांचा काळा गाळ आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचे कण भेगांतून खाली पडतात, पाऊस लागला की माती फुगते आणि खालचा थर थोडा थोडा वर ढकलला जातो. शेतातल्या काळ्या रानाची ही उलथापालथ शेतकऱ्याला माहीत आहे. जी गोष्ट रानात होते ती तलावाच्या उघड्या तळातही होणार. याचा अर्थ असा की काही इंच खाली गाडले जाऊन अंधारात पडलेले बी कायमचे गाडलेले राहील याची खात्री देता येत नाही. एखाद्या वर्षी ते पुन्हा उजेडात येऊ शकते.

ऋतूंचे म्हणाल तर सह्याद्रीच्या पायथ्याशी तलाव आषाढात भरतात, तर आपल्याकडे खरा पाऊस बहुधा परतीचा असतो. नगर जिल्ह्यात सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना. म्हणजे जूनच्या सरींनी तळ नुसता भिजतो, मधल्या उघडिपीत पुन्हा सुकतो, आणि तलाव भरतो तो सप्टेंबर अखेरीस. त्यानंतर लगेच ऑक्टोबरचे ऊन येते. काठाचे उथळ पाणी तापते, गढूळपणा खाली बसतो, उजेड तळापर्यंत पोचतो. वाळले, भिजले, तापले, उजळले, या साऱ्या अटी एका महिन्यात जुळून येतात. पुण्याकडच्या नद्यांत जलपर्णी डोळ्यांत भरते ती हिवाळा सरून उन्हाळा लागताना. पण आपल्याकडच्या आटून भरणाऱ्या तलावात तिच्या जन्माचा काळ अश्विन-कार्तिक हा असणार. डिसेंबरमध्ये रात्रीचे तापमान उतरले की नवीन उगवण मंदावते, मात्र तोवर उगवलेली रोपे तरंगती झालेली असतात.

हे रोप कसे दिसते हे सांगणे भाग आहे, कारण ते ओळखता न येणे हेच आपल्या अपयशाचे एक कारण आहे. मोठ्या जलपर्णीची फुगीर देठांची, गोलसर चकचकीत पाने लहान मुलालाही ओळखता येतात. उगवलेले रोप तसे अजिबात नसते. पहिली पाने अरुंद, फितीसारखी, गवताच्या पात्यांसारखी असतात आणि रोप चिखलात मूळ धरून उभे असते. काठावर हिरवी लव आली असे वाटून माणूस पुढे निघून जातो. काही आठवड्यांनी पाती रुंद होऊ लागतात, देठ फुगतात, त्यांत हवा भरते. मग पाणी थोडे वर चढले किंवा लाटांनी चिखल हलला की रोप मुळापासून सुटते आणि तरंगू लागते. सुटल्यानंतर ते फुटवे काढू लागते आणि अनुकूल ऋतूत एका-दोन आठवड्यांत संख्या दुप्पट होते. एक साधा हिशोब मांडून पाहू. समजा, मागच्या हंगामात चौरस मीटरला दहाच बोंडे पिकली आणि बोंडात पन्नासच बिया होत्या. म्हणजे चौरस मीटरला पाचशे, हेक्टरला पन्नास लाख. त्यांतली हजारात एकच रुजून तगली असे धरले तरी हेक्टरला पाच हजार रोपे होतात. दर दोन आठवड्यांना दुप्पट होत गेली, तर चौदा आठवड्यांत ती सहा लाख चाळीस हजार होतील, म्हणजे चौरस मीटरला चौसष्ट. पाणी झाकून टाकायला तेवढी पुरतात. यातला प्रत्येक आकडा मी जाणूनबुजून कमी धरला आहे.

यावर पहिला आक्षेप वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांकडून येईल, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, जलपर्णीचा प्रसार फुटव्यांनी होतो; नवीन मुलखात तिला बी धरताना फारसे कोणी पाहिलेले नाही; मग बियांचा एवढा बाऊ कशाला? याचे उत्तर दोन भागांत आहे. बी धरण्याचा प्रश्न स्पेन्सर बॅरेट या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास काळजीपूर्वक तपासला. त्याचा निष्कर्ष असा की या वनस्पतीची बी धरण्याची क्षमता शाबूत असते. कमी पडतात त्या दोन गोष्टी: परागीभवन करणारे कीटक, आणि रोपांना रुजायला मोकळी, ओली, उजेडाची जागा. यातली दुसरी उणीव बारमाही भरलेल्या नदीत असते. आटणाऱ्या तलावात ती उणीव उरतच नाही. तिथे दरवर्षी काठाकाठाने अशी जागा आपोआप तयार होते. उत्तराचा दुसरा भाग असा, की बियांचे महत्त्व त्यांच्या संख्येवर ठरत नाही, त्या कोणत्या वेळी कामी येतात यावर ठरते. जिथे वर्षभर पाणी आहे तिथे फुटवेच राज्य करतात हे मला पूर्ण मान्य आहे. जिथे उन्हाळ्यात सगळी झाडे वाळून मरतात, तिथे पुढच्या वर्षीची पहिली झाडे येणार कुठून? एक तर वरच्या पाण्यातून वाहत, नाही तर गाळातल्या बियांतून. ज्या पाझर तलावाच्या वर दुसरा जलसाठाच नाही, त्याच्यापुरता पहिला मार्ग बंद होतो. उरतो तो बियांचाच.

दुसरा आक्षेप सर्वसामान्यांचा आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा अधिक जवळचा वाटतो. ते म्हणतात, मूळ रोग सांडपाणी आहे, नत्र आणि स्फुरदाने माखलेले पाणी आहे. ते थांबवा, जलपर्णी आपोआप हटेल. बियांच्या मागे लागून मूळ दोषावरून लक्ष उडवू नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून उजनीत उतरते, तिथे हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. उजनीच्या बाबतीत मला कोणी विचारले तर मीही आधी सांडपाण्याचेच नाव घेईन. पण दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पाण्यातले खत जलपर्णी किती माजेल हे ठरवते. ती मेल्यानंतर परत येईल की नाही, हे ठरते बी आणि त्याला मिळालेल्या हवा-पाण्यावर. आणि आपल्या तलावांच्या बाबतीत एक कटू गोष्ट मान्य करावी लागेल. गावाचे सांडपाणी, गोठ्यांचे वाहून आलेले शेण, उसाच्या आणि कांद्याच्या रानातून धुऊन आलेली खते हे सगळे लहान तलावात येते, आणि पाणी आटत जाते तसे ते घट्ट होत जाते. त्यामुळे इथे खताची उणीव भासेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. सांडपाण्याचे काम करायलाच हवे, पण ते वर्षानुवर्षांचे काम आहे. तोवर बियांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

इतिहासात हा धडा आपल्याच देशाने एकदा घेतला आणि विसरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात शिरलेल्या जलपर्णीने पुढच्या दोन-तीन दशकांत भाताची खाचरे आणि होड्यांचे मार्ग अडवले. १९२१ साली तिच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. १९३६ साली त्या प्रांताने जलपर्णीविरोधी स्वतंत्र कायदा केला आणि १९३७ च्या निवडणुकीत तिच्या उच्चाटनाची आश्वासने दिली गेली. एवढा जोर लावूनही ती गेली नाही. त्याच काळात, १९३२ साली, ब्रह्मदेशात निसर्गात आपोआप उगवलेल्या रोपांची नोंद छापून आली आणि कटकचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण पारिजा यांनी १९३४ साली या वनस्पतीच्या शरीरक्रियेवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. म्हणजे बियांपासून रोपे होतात हे ज्ञान या उपखंडात नव्वद वर्षांचे आहे. कायदा मात्र काढून टाकण्याचा झाला, उगवण रोखण्याचा झाला नाही. जवळच्या काळातले उदाहरण स्पेनचे आहे. तिथल्या ग्वादियाना नदीत २००४ साली जलपर्णी आढळली. सुरुवातीच्या मोहिमेतच सुमारे दोन लाख टन जलपर्णी बाहेर काढली गेली आणि तरी ती पुन्हा पुन्हा दिसत राहिली. तेव्हा बादाहोसच्या विद्यापीठातल्या मंडळींनी पाण्याच्या कोणत्या गुणधर्मांनी बी उगवते याचा अभ्यास हाती घेतला. श्रीमंत देशालाही दोन लाख टन उपसल्यावर अखेर त्या एक मिलिमीटरच्या बीजाकडे वळावे लागले.

मग करायचे काय? शेतकऱ्याला जे रानात माहीत आहे तेच तळ्यात करायचे आहे. पहिला पाऊस झाला, वाफसा आला की जाणता शेतकरी लगेच पेरत नाही. तणाला उगवू देतो, मग वखराची पाळी देऊन ते मोडतो आणि नंतर पेरतो. तणाचे बी मातीतून वेचून काढता येत नाही, पण त्याला उगवायला लावून मारता येते. तलावाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की तलाव भरल्यानंतरचे पहिले चार-पाच आठवडे हाच कामाचा काळ आहे. तेव्हा रोपे काठाच्या उथळ पट्ट्यात, गुडघाभर पाण्याच्या आत, चिखलाला धरून असतात. दहा माणसे दोन दिवस काठाने फिरून जे उपटू शकतील, ते फेब्रुवारीत पोकलेन लावूनही निघणार नाही. आपल्याकडे नेमके उलटे होते. हिरवा गालिचा दिसला, ओरड झाली, मग निविदा, मग यंत्र; आणि यंत्र येईपर्यंत बोंडे पिकून बी खाली गेलेले असते. काढलेल्या टनांवर पैसे मोजले जातात, म्हणून टन वाढेपर्यंत थांबणे सगळ्यांच्याच सोयीचे ठरते. मोजायचेच असेल तर फुलण्याआधी किती काठ मोकळा केला हे मोजावे. शिवाय दाट थर एकदम काढला की तळावर उजेड पडतो आणि इतके दिवस अंधारात थांबलेले बी उगवते. यावरून थर काढू नये असा अर्थ कोणी काढू नये. थर काढल्यानंतर महिन्याभराने पुन्हा एक फेरी त्याच कामाचा भाग धरली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

गाळाचा प्रश्न यात जोडून येतो. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे आणि आपल्या भागाला तिचा फायदा आहे हे उघड आहे. ज्या तलावात जलपर्णी होऊन गेली आहे, तिथला वरचा गाळ काढणे म्हणजे बियांचे कोठार उचलून नेणे होय. यासारखा दुसरा उपाय नाही. कोणी म्हणेल, मग तेच बी शेतात जाऊन उपद्रव करणार नाही का? कोरडवाहू रानात नाही करणार. तिथे एखाद्या ओल्या पंधरवड्यात उगवलेच, तरी उभे पाणी नसल्याने रोप वाळून जाईल. प्रत्येक अशी फसलेली उगवण आपल्या फायद्याची आहे. धोका आहे तो गाळ काठावर किंवा सांडव्याच्या तोंडाशी ढीग करून ठेवण्यात, आणि तो शेततळ्याच्या बांधाला वापरण्यात. पहिल्या पावसात ढीग वाहून पुन्हा पाण्यात येतो, आणि शेततळ्यात तर बीजाला हवे ते सारे तयार असते. यंत्रांच्या साखळीपट्ट्यांना चिकटलेला गाळ, मासेमारीची जाळी, मत्स्यबीजाच्या पिशव्यांतले पाणी, म्हशींचे खूर यांतूनही बी एका तलावातून दुसऱ्यात जाऊ शकते. यंत्र दुसऱ्या गावी नेण्याआधी धुणे हे खर्चाचे काम नाही, त्याचा फक्त आग्रह धरावा लागतो.

गाळपेर करणाऱ्यांना यातली एक गोष्ट वेगळी सांगायला नको. नाथसागराच्या किंवा उजनीच्या काठाला पाणी मागे हटते तशी उघडी पडणारी जमीन लोक पेरतात, कारण तिथे ओल आहे, ऊब आहे, ऊन आहे. हरभऱ्याला जे मानवते तेच या बीजालाही मानवते. म्हणूनच गाळपेरीच्या पट्ट्यात नांगरट आणि कोळपणी होत असेल, तर तिथे उगवलेली रोपे पिकाच्या मशागतीतच मरतात. पडीक ठेवलेला काठ अधिक धोक्याचा. गाळपेरीला परवानगी देताना त्यात रासायनिक खतांचा वापर होणार नाही हे पाहिले, तर ती तलावाची राखणच ठरेल, असे माझे मत आहे.

भुंग्यांचा आणि तणनाशकांचा उल्लेख टाळता येणार नाही, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. जलपर्णीवर जगणारे भुंगे १९८२-८३ मध्ये परदेशातून बंगळूरला आणले गेले आणि तिथल्या काही तलावांत त्यांनी चांगले काम केले. भुंग्यांनी पोखरलेले झाड कमी फुलते, म्हणून बारमाही जलाशयात मी त्यांच्या बाजूचा आहे. पण त्यांची वाढ जिवंत झाडावरच होते. तलाव आटला की झाडांबरोबर तेही संपतात, आणि पुढच्या वर्षी बी आधी जागे होते, भुंगा आलेला नसतो. तणनाशकाचे म्हणाल तर ते गाळातल्या निद्रिस्त बीजापर्यंत पोचत नाही, आणि ज्या पाण्यावर माणसे-जनावरे जगतात त्यात ते ओतावे असे मी तरी कोणाला सांगणार नाही.

शेवटचा आक्षेप असा घेता येईल, की हे सारे सुदान, स्पेन आणि अॅमेझॉनच्या आधारावर चालले आहे. आमच्या तलावाच्या गाळात बी आहे हे कशावरून? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कोणाच्या शब्दावर घेण्याची गरज नाही. वैशाखात, तळ कोरडा असताना, काठापासून मध्यापर्यंत एका ओळीत आठ-दहा ठिकाणांहून वरचा दोन बोटे जाडीचा गाळ घ्यावा. पसरट घमेल्यांत तो पातळ पसरावा, आठवडाभर उन्हात सुकू द्यावा आणि मग वर बोटभर पाणी राहील इतपत भिजवून उघड्या उजेडात ठेवावा. शेजारी तोच गाळ भरलेली काही घमेली काळ्या कापडाने झाकावीत, काही कायम भिजती ठेवावीत, म्हणजे उजेडाचा आणि सुकण्याचा फरक नजरेस येईल. फितीसारख्या पात्यांचे कोंब पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतील. ओळख पटेना तर ते मोठे होऊ द्यावेत, देठ फुगला की शंका उरणार नाही. माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या तासाला हे सहज होण्यासारखे आहे आणि कोंब ओळखायला राहुरीचे कृषी विद्यापीठ किंवा दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्र दूर नाही. कोणत्या घमेल्यात किती कोंब आले हे तलावाच्या नकाशावर मांडले, की ऑक्टोबरमध्ये माणसे काठाच्या कोणत्या बाजूला लावायची आणि गाळ आधी कुठला उचलायचा हे ठरते. एका उन्हाळ्यात कोंब आले नाहीत म्हणून लगेच निर्णय घेऊ नये, कारण सगळे बी एकाच वर्षी जागे होत नाही. पण लागोपाठ दोन-तीन उन्हाळे सगळी घमेली रिकामी राहिली, तर त्या तलावापुरते माझे प्रतिपादन मागे घ्यावे लागेल. मग तिथली जलपर्णी वरून वाहत येते असे समजून सगळा पैसा आणि मनुष्यबळ वरच्या ओढ्यांवर आणि बंधाऱ्यांवर लावावे.